एरोनॉटिकल इंजिनिअरची पहिली नोकरी: शोध कुठून सुरू करावा आणि कसा पुढे न्यावा

पदवी हाती आल्यावर नोकरीच्या संकेतस्थळावर ‘एरोनॉटिकल इंजिनिअर’ हे शब्द टाकून शोध घेणे, ही बहुतेक नव्या पदवीधरांची पहिली कृती असते आणि निराशेलाही तिथूनच सुरुवात होते. त्या नावाने निघणाऱ्या जागा थोड्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच अनुभवी लोकांसाठी असतात. प्रत्यक्षात हा उद्योग माणसे घेतो ती स्ट्रेस इंजिनिअर (भागांवरचा ताण मोजणारा), फटीग ॲनालिस्ट (पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने होणारी झीज तपासणारा), सीएफडी इंजिनिअर (हवेचा प्रवाह संगणकावर सोडवणारा), सिस्टिम्स इंजिनिअर, एअरवर्दिनेस इंजिनिअर (विमान उड्डाणयोग्य असल्याची खात्री करणारा), मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर, क्वालिटी इंजिनिअर, टेस्ट इंजिनिअर अशा नावांनी. विद्यापीठ एका नावाची पदवी देते आणि कंपन्या आठ-दहा वेगळ्या नावांच्या जागा भरतात. त्यामुळे ‘विमान क्षेत्रात काहीही चालेल’ असे सांगणारा उमेदवार त्यांपैकी एकाही जागेसाठी तयार दिसत नाही. या लेखातला सल्ला एका सूत्रावर उभा आहे: एक काम निवडावे, त्या कामाचा एक नमुना स्वतः तपासून आकड्यांनिशी तयार ठेवावा आणि तो घेऊन जिथे ते काम खरोखर चालते तिथे जावे.

कोणत्या कामासाठी उभे राहायचे ते आधी ठरवावे

निवड करताना आवड पाहावीच, पण जागांचा अंदाजही घ्यावा. एरोडायनॅमिक्स हा अनेक विद्यार्थ्यांचा लाडका विषय असतो आणि नेमक्या त्याच विभागात नवख्यांना वाव कमी मिळतो. विमानाचा बाह्य आकार प्रकल्पाच्या सुरुवातीच्या काळात ठरतो, तो ठरवणारा गट लहान असतो आणि त्या गटात शिरू पाहणाऱ्यांपैकी अनेकांकडे पदव्युत्तर पदवी असते. उलट स्ट्रक्चर्सचे, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे, काम संपतच नाही. प्रत्येक रिब (पंखाच्या आतली फासळी), स्ट्रिंगर (पत्र्याला आतून आधार देणारी लांब पट्टी), ब्रॅकेट आणि रिव्हेटच्या ओळीसाठी कोणाला तरी भार काढावा लागतो, ताण मोजावा लागतो आणि शिल्लक ताकद अहवालात सिद्ध करावी लागते. विमान सेवेत दाखल झाल्यानंतरही सामानाची गाडी दाराला धडकते, पत्र्याला गंज चढतो, उत्पादनात एखादे भोक चुकीच्या जागी पडते आणि त्या प्रत्येक वेळी नवा हिशेब लागतो. दोन्ही विषयांत सारखीच गती असेल, तर पहिल्या नोकरीसाठी स्ट्रक्चर्सचा दरवाजा अधिक रुंद आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिस्टिम्स आणि एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) यांच्याकडे पुष्कळ एरोनॉटिकल पदवीधर ‘ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे काम’ म्हणून पाहतच नाहीत आणि त्यामुळे एक मोठी संधी हातची घालवतात. लँडिंग गिअर कधी आत जावे, कोणत्या वेगाच्या वर त्याने बाहेर येऊ नये, सेन्सर खोटे सांगू लागला तर काय व्हावे, अशा गोष्टी नेमक्या शब्दांत लिहिणे, त्या तपासणे आणि बिघाडाचे परिणाम आधीच ओळखणे, हे या विभागाचे काम आहे. त्यासाठी विमान कसे उडते हे कळणारा माणूस हवाच असतो. सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी, इलेक्ट्रॉनिक हार्डवेअरसाठी डीओ-२५४, सुरक्षेच्या मूल्यमापनासाठी एआरपी ४७६१ हे दस्तऐवज कशासाठी आहेत एवढे जरी नीट सांगता आले, तरी नवख्यांच्या रांगेत उमेदवार उठून दिसतो.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी म्हणजे विमान दुरुस्त करून ते सेवेत सोडण्यासाठी सही करण्याचा परवाना नव्हे. तो परवाना वेगळा असतो आणि त्याच्या परीक्षा व अनुभवाच्या अटी त्या त्या देशाचे नियामक ठरवतात. उदाहरणार्थ, युरोपच्या पार्ट-६६ नियमांत टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठीच्या बी१.१ परवान्याला, आधीचे कोणतेही संबंधित तांत्रिक प्रशिक्षण नसल्यास, चालू विमानांवरील ५ वर्षांचा अनुभव लागतो आणि मान्यताप्राप्त पार्ट-१४७ प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रम पूर्ण केल्यास तो २ वर्षांवर येतो. हँगरमध्ये प्रत्यक्ष विमानावर काम करण्याची ओढ असेल, तर हा मार्ग पदवीनंतर जाणीवपूर्वक धरावा लागतो. परवान्याची अट असलेल्या जागांना नुसत्या पदवीवर अर्ज पाठवत राहण्यात महिने वाया जातात.

निवडलेला विभाग सध्या कोणत्या अवस्थेत आहे हेही पाहावे, कारण विमानाचा प्रकल्प लांबलचक असतो. बोइंग ७८७ चा प्रकल्प एप्रिल २००४ मध्ये जाहीर झाला, पहिले उड्डाण डिसेंबर २००९ मध्ये झाले आणि विमान ऑक्टोबर २०११ मध्ये प्रवासी सेवेत आले. सुरुवातीच्या वर्षांत आराखडा आणि भारांची माणसे लागतात, मधल्या काळात तपशीलवार स्ट्रेस आणि चाचण्यांची, नंतर उत्पादनाची आणि गुणवत्तेची आणि पुढची कित्येक दशके देखभाल व बदलांची. ज्या कंपनीत अर्ज करायचा तिचा मुख्य प्रकल्प या प्रवासात कुठे आहे हे तिच्या जाहीर बातम्यांवरून कळते, आणि त्यावरून कोणत्या पदांची भरती निघेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

विमानावर जिचे नाव आहे तीच एकटी कंपनी नव्हे

एअरबस आणि बोइंग ही नावे सगळ्यांना ठाऊक असतात, म्हणून सगळ्यांचे अर्जही तिथेच जातात. पण एकेका विमानाचे काम किती ठिकाणी विखुरलेले असते ते पाहा. एअरबस ए३२० ची जुळणी तुलूझ, हॅम्बर्ग, चीनमधील त्यानजिन आणि अमेरिकेतील मोबील येथे होते आणि त्याच्या बहुतेक पंखांची जुळणी वेल्समधील ब्रॉटन येथे होते. बोइंग ७८७ च्या पंखाची मुख्य पेटी जपानच्या नागोया भागात मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज बनवते. इंजिन रोल्स-रॉइस, जीई, प्रॅट अँड व्हिटनी किंवा साफ्रान यांच्याकडून येते. लँडिंग गिअर, ॲक्चुएटर, केबिनचा दाब सांभाळणारी यंत्रणा, आसने आणि वायरिंग यांचे पुरवठादार वेगळे. त्यांच्याखाली लहान पुरवठादार आणि हिशेबांचे, आराखड्यांचे काम कंत्राटावर करणाऱ्या अभियांत्रिकी सेवा कंपन्या येतात. या शेवटच्या गटात नवख्यांना प्रवेश तुलनेने लवकर मिळतो. तिथे काम कधीकधी एकसुरी असते, हे खरे. पण दोन वर्षांत शेकडो ब्रॅकेट आणि जोड हाताखालून गेलेल्या माणसाला मोठी कंपनी आनंदाने बोलावते.

याहूनही कमी माहीत असलेला एक गट मला नवख्यांसाठी विशेष चांगला वाटतो. सेवेतल्या विमानांत बदल करण्यासाठी नियामकाची मान्यता असलेल्या लहान डिझाइन संस्था असतात. केबिनची नवी मांडणी, छतावर इंटरनेटचा अँटेना, प्रवासी विमानाचे मालवाहू विमानात रूपांतर, रुग्णवाहिका म्हणून वापरायच्या विमानात स्ट्रेचर बसवणे, अशी कामे त्या करतात. मोठ्या प्रकल्पात नवख्याच्या वाट्याला एका पॅनेलचा एक कोपरा येतो. इथे सहा महिन्यांत आराखडा, भार, ताणाचा अहवाल, चाचणी आणि मान्यतेची कागदपत्रे हा सगळा प्रवास डोळ्यांसमोर घडतो. प्रवासी विमानाच्या आसनांची गतिमान चाचणी पुढच्या दिशेने १६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट) आणि खालच्या दिशेने १४ जी इतक्या धक्क्याला घेतात, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या आसनाच्या पायाखालच्या रुळाचा हिशेब स्वतः करणे वेगळे. अशा संस्थांची यादी काढायला अवघड नाही. अनेक नियामक आपण मान्यता दिलेल्या डिझाइन, उत्पादन आणि देखभाल संस्थांच्या याद्या प्रसिद्ध करतात. त्या यादीतल्या प्रत्येक नावाचे संकेतस्थळ उघडून एका तक्त्यात संस्थेचे नाव, काम, ठिकाण आणि कोणत्या पदांची माणसे तिथे आहेत ते लिहून काढावे. कंटाळवाणे काम आहे, पण फारच थोडे उमेदवार ते करतात.

विमान कंपन्यांचे अभियांत्रिकी विभाग आणि देखभाल केंद्रे यांतही परवान्याशिवायच्या जागा असतात. देखभालीचे वेळापत्रक आखणे, नियामकाने काढलेले एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचे सुरक्षा-आदेश) आपल्या ताफ्यातल्या कोणत्या विमानाला लागू होतात ते ठरवणे, उत्पादकाच्या सर्व्हिस बुलेटिनचा (तांत्रिक सूचनापत्राचा) अभ्यास करणे, बिघाडांच्या नोंदींवरून एखादा भाग वारंवार का निकामी होतो ते शोधणे, ही ती कामे. इथे शिकलेला माणूस पुढे डिझाइनकडे गेला, तर त्याच्या आराखड्यात मेकॅनिकचा हात आणि पाना खरोखर पोहोचतो.

यादी करतानाच नागरिकत्वाची अट तपासावी. संरक्षण आणि अंतराळ क्षेत्रातली बरीच कामे परदेशी नागरिकांना बंद असतात. अमेरिकेतील आयटार या शस्त्र-तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरील नियमांमुळे तिथल्या संरक्षण-तंत्रज्ञानाच्या बहुतांश जागा नागरिक आणि कायमस्वरूपी रहिवासी यांच्यापुरत्या मर्यादित राहतात, आणि इतर देशांतही सुरक्षा-पडताळणी असतेच. जाहिरातीच्या तळाशी लहान अक्षरांत असलेली ही ओळ सर्वांत आधी वाचावी. ती आड येत असेल तर बाकीची जाहिरात कितीही जुळली तरी उपयोग नाही.

एक नमुना, पण पूर्ण तपासलेला

नवख्याकडे अनुभव नसतो, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. तो पाहतो ते हे की या माणसाने काढलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येईल का. संगणकाने काढलेली रंगीबेरंगी चित्रे या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. म्हणून एक लहान, मर्यादित प्रश्न घ्यावा आणि तो तळापर्यंत न्यावा. स्ट्रेससाठी असा प्रश्न कसा दिसतो ते जरा जवळून पाहू.

समजा, एका लहान विमानाच्या पंखाच्या वरच्या पृष्ठभागाचा २०२४-टी३ ॲल्युमिनियमचा पत्रा १.६ मिमी जाडीचा आहे आणि त्याखालचे स्ट्रिंगर १२० मिमी अंतरावर आहेत. उड्डाणात हा पत्रा दाबाखाली असतो आणि दोन स्ट्रिंगरांच्या मधे तो किती ताणाला बकल होईल, म्हणजे अचानक लाटेसारखा वाकेल, हा प्रश्न आहे. लांब पट्टीसाठी हा ताण म्हणजे एक गुणक, गुणिले लवचिकता गुणांक, गुणिले जाडी आणि रुंदी यांच्या गुणोत्तराचा वर्ग. कडा नुसत्या टेकलेल्या मानल्या तर गुणक सुमारे ३.६२ येतो. लवचिकता गुणांक ७२ गिगापास्कल धरला की उत्तर ४६ मेगापास्कल मिळते. कडा पूर्ण जखडलेल्या मानल्या तर गुणक सुमारे ६.३ होतो आणि उत्तर ८१ मेगापास्कलच्या आसपास जाते. खरा स्ट्रिंगर कडेला थोडे वळू देतो आणि थोडे रोखतो, म्हणजे खरे उत्तर या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असले पाहिजे. आता हाच पत्रा फाइनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे लहान तुकड्यांच्या जाळीत विभागून संगणकावर, सोडवावा. त्यासाठी कॅल्क्युलिक्ससारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते. जाळी तीन वेळा बारीक करून उत्तर स्थिरावते का ते पाहावे. उत्तर ४६ ते ८१ च्या बाहेर गेले तर मॉडेलमध्ये काहीतरी चुकले आहे, आणि ते शोधून काढणे हाच या प्रकल्पाचा खरा अभ्यास आहे.

पुढचा भाग आराखड्याच्या निर्णयाचा. जाडी १.६ वरून २ मिमी केली तर टेकलेल्या कडांचा आकडा ४६ वरून ७२ वर जातो, पण पत्र्याचे वजन २५ टक्क्यांनी वाढते. जाडी तशीच ठेवून स्ट्रिंगर १०० मिमी अंतरावर आणले तर ६७ मिळतात, पण स्ट्रिंगरांची संख्या वाढते आणि रिव्हेटही वाढतात. कोणता पर्याय हलका पडतो, ते स्ट्रिंगरचे क्षेत्रफळ धरून मोजून दाखवावे. पत्रा बकल झाला म्हणजे पंख मोडला असे नाही, भार स्ट्रिंगरांकडे सरकतो, हेही एका परिच्छेदात लिहावे. शेवटी या हिशेबात काय धरलेले नाही ते सांगावे: पत्र्यावरील शिअर (कातरणारा ताण), उत्पादनातला सुरुवातीचा वाकडेपणा, स्ट्रिंगरचे स्वतःचे बकलिंग. चार-पाच पानांत हे सगळे बसते. मुलाखत घेणारा अनुभवी स्ट्रेस इंजिनिअर ही पाने हातात आली की त्यांवरूनच प्रश्न विचारू लागतो आणि मुलाखत उमेदवाराच्या ओळखीच्या प्रदेशात येते.

एरोडायनॅमिक्सकडे जाणाऱ्याने हेच शिस्तीने करावे. नवे, चित्तवेधक विमान रेखाटण्यापेक्षा नासाच्या लँग्ली केंद्राने प्रसिद्ध केलेले नाका ००१२ या पंखाच्या छेदाचे पडताळणी-उदाहरण घ्यावे, ज्यात मॅक (ध्वनीच्या वेगाशी प्रमाण) ०.१५ आणि रेनॉल्ड्स संख्या (प्रवाहातले जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर) ६० लाख आहे, आणि एसयू२ किंवा ओपनफोम हे प्रवाहाचे सॉफ्टवेअर वापरून १० अंशांच्या कोनाला लिफ्टचा (उचलणाऱ्या बलाचा) गुणांक १.०९ च्या जवळ येतो का ते पाहावे. ते जमल्यावरच स्वतःच्या आकाराकडे वळावे. सिस्टिम्सकडे जाणाऱ्याने लँडिंग गिअर आत-बाहेर करण्याच्या यंत्रणेसाठी वीसेक गरजा अशा शब्दांत लिहाव्यात की प्रत्येकीची चाचणी घेता येईल, आणि एखाद्या गंभीर बिघाडासाठी फॉल्ट ट्री (बिघाडाच्या कारणांची वृक्षासारखी आकृती) काढावे. विमान गमावण्याइतक्या भीषण बिघाडाची शक्यता दर उड्डाणतासाला एक अब्जांशाच्या क्रमाची किंवा त्याहून कमी असावी, हा दंडक मोठ्या प्रवासी विमानांना का लावतात, हे त्या निमित्ताने आपोआप समजते.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. रेझ्युमेवर पंधरा पॅकेजांची नावे लिहिणे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. आराखड्यासाठी एक, विश्लेषणासाठी एक आणि आकडेमोड आपोआप करण्यासाठी पायथन किंवा मॅटलॅब, एवढी तीन नीट येत असली तर बाकीची कामावर शिकता येतात. कॅटिया (आराखड्यासाठी) आणि नॅस्ट्रान (विश्लेषणासाठी) ही नावे जाहिरातींत वारंवार दिसतात, तेव्हा संधी मिळाल्यास त्यांना प्राधान्य द्यावे. पण महागडा अभ्यासक्रम घेण्याआधी लक्ष्यातल्या कंपन्यांच्या दहा-बारा जाहिराती वाचून तिथे खरोखर काय मागितले आहे ते मोजावे.

रेझ्युमे

एक पान पुरे. लहानपणापासून विमानांची आवड होती, हे वाक्य काढून टाकावे. अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच ती असते. ‘पंखाच्या डिझाइनवर प्रकल्प केला, कॅटिया व ॲन्सिसचा वापर’ ही ओळ वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. तिच्या जागी ‘१२० मिमी अंतरावर स्ट्रिंगर असलेल्या १.६ मिमी पत्र्याचा बकलिंग ताण हाताने ४६ ते ८१ मेगापास्कल या मर्यादांत बांधला, फाइनाइट एलिमेंटच्या उत्तराशी ताडला आणि जाडी व अंतर यांच्या दोन पर्यायांचे वजन तपासले’ असे लिहिले, तर त्यातून उमेदवाराची विचार करण्याची पद्धतच दिसते.

विद्यार्थी स्पर्धांत भाग घेतला असेल, मग ती एसएई एरो डिझाइन असो की डिझाइन-बिल्ड-फ्लाय, तर ‘आम्ही’ पुरे झाले. स्वतः काय केले ते लिहावे. शेपटीचा आकार कोणी ठरवला, गुरुत्वमध्य कुठे आला, विमान कोसळले असेल तर का कोसळले आणि दुसऱ्या विमानात काय बदलले, या तपशिलाला बक्षिसाच्या क्रमांकापेक्षा जास्त किंमत आहे. मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली छाननी अनेकदा सॉफ्टवेअर करते, म्हणून जाहिरातीतले नेमके शब्द आपल्याला खरोखर लागू असतील तिथे जसेच्या तसे वापरावेत आणि मांडणी साधी ठेवावी. दोन रकाने, आलेख आणि कौशल्यांचे टक्के दाखवणाऱ्या पट्ट्या टाळाव्यात. ‘कॅटिया ८० टक्के’ म्हणजे काय, हे आजवर कोणालाही सांगता आलेले नाही.

अर्ज कधी आणि कोणाकडे

मोठ्या कंपन्यांचे पदवीधर-प्रशिक्षण कार्यक्रम वर्षाच्या ठरावीक काळातच उघडतात, आणि रुजू होण्याच्या तारखेच्या कितीतरी महिने आधी बंदही होतात. म्हणून शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच त्या तारखा नोंदवून ठेवाव्यात; निकालानंतर शोध सुरू करणाऱ्याच्या हातून अख्खे एक चक्र निसटते. लहान कंपन्यांचे उलट असते. एखादे काम आले की त्यांना माणूस लगेच हवा असतो आणि कित्येकदा जाहिरात निघण्याआधीच जागा भरते. अशा ठिकाणी थेट पत्र लिहिणे कामी येते, पण मनुष्यबळ विभागाच्या सर्वसाधारण पत्त्यापेक्षा ते काम करणाऱ्या इंजिनिअरला लिहावे. पत्र लहान असावे, साधारण असे:

‘नमस्कार. मी यंदा एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी पूर्ण केली असून स्ट्रेस विभागात पहिली नोकरी शोधत आहे. आपण विमानांच्या स्ट्रक्चरल दुरुस्त्यांवर काम करता असे आपल्या प्रोफाइलवर वाचले. दाबाखालील पत्र्याच्या बकलिंगवर मी केलेला चार पानांचा हिशेब सोबत जोडला आहे. आपल्याकडे नवख्या इंजिनिअरला सुरुवातीला कोणत्या प्रकारचे हिशेब दिले जातात, हे कळले तर माझी तयारी त्या दिशेने करता येईल. आपल्या गटात येत्या काही महिन्यांत जागा निघणार असल्यास अर्ज करण्याची माझी इच्छा आहे.’

यात नोकरी हवी आहे हे स्पष्ट सांगितले आहे. नुसते ‘मार्गदर्शन हवे’ असे लिहून ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नसतो. समोरच्याला ते कळतेच. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, त्यानंतर विषय सोडावा. पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख, पद, पाठवलेल्या रेझ्युमेची प्रत आणि मिळालेले उत्तर यांची नोंद ठेवावी, कारण तीन महिन्यांनी अचानक फोन आला की आपण त्यांना काय लिहिले होते ते आठवत नाही. ठरावीक काळाने त्या नोंदी वाचाव्यात. कोणाचेच बोलावणे येत नसेल तर रेझ्युमे किंवा निवडलेली पदे चुकत आहेत. बोलावणी येतात पण पुढे काही घडत नसेल तर तयारी मुलाखतीची करायला हवी.

मुलाखत

नवख्यांच्या तांत्रिक मुलाखतीत अवघड गणिते क्वचितच येतात. मूलभूत गोष्टी किती पक्क्या आहेत हे पाहिले जाते आणि तिथेच बरेच जण घसरतात. कँटिलिव्हर (एका टोकाला जखडलेल्या) बीमचे बेंडिंग मोमेंट आणि शिअर फोर्सचे आलेख न थांबता काढता आले पाहिजेत. गुरुत्वमध्य न्यूट्रल पॉइंटच्या (ज्याच्या मागे तो गेला तर विमान अस्थिर होते त्या बिंदूच्या) पुढे का हवा, वजन वाढले की स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो) किती वाढतो, पंखाच्या खालच्या पत्र्याला पारंपरिकपणे २०२४ आणि वरच्याला ७०७५ प्रकारचा मिश्रधातू का वापरत आले, लिमिट लोड (सेवेत अपेक्षित सर्वाधिक भार) आणि अल्टिमेट लोड (त्याला सुरक्षा-गुणक लावून येणारा भार) यांत फरक काय, असे प्रश्न अपेक्षित धरावेत. शेवटच्या प्रश्नाला ‘१.५ पट’ एवढे उत्तर अपुरे आहे. लिमिट लोडला घातक ठरेल असे कायमचे वाकणे चालत नाही, आणि अल्टिमेट लोड स्ट्रक्चरने किमान ३ सेकंद न मोडता पेलावा लागतो, हे सांगितले की नियम मुळातून वाचल्याचे दिसते. मोठ्या विमानांचे नियम, युरोपचा सीएस-२५ आणि अमेरिकेचा पार्ट २५, कोणालाही मोफत वाचता येतात. त्यांतले स्ट्रक्चरचे विभाग एकदा तरी वाचून जावे.

अंदाजाने आकडे काढण्याची सवय लावावी. पातळ छेदाच्या सिद्धांतानुसार लिफ्टचा गुणांक दर अंशाला सुमारे ०.११ ने वाढतो, म्हणून १० अंशांना १.१ च्या आसपास यायला हवा. कोणी ३ दाखवले तर तिथेच हात वर करता आला पाहिजे. एककांकडेही मुलाखत घेणारे बारकाईने पाहतात आणि त्याला कारण आहे. जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाचे बोइंग ७६७ सुमारे ४१ हजार फुटांवर असताना इंधन संपून दोन्ही इंजिने बंद पडली, कारण इंधन मोजताना किलोग्रॅमऐवजी पौंडांचा गुणक वापरला गेला होता. फळ्यावरच्या प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिणारा उमेदवार या उद्योगातल्या माणसांना लगेच आपला वाटतो.

एखादे उत्तर येत नसेल तर तसे सांगून, ते कसे शोधाल ते मोठ्याने विचार करत मांडावे. माहीत नसलेले ठामपणे ठोकून देणे ही या क्षेत्रात सर्वांत धोकादायक सवय मानली जाते आणि ती दिसली की मुलाखत तिथेच संपल्यात जमा असते. आपल्या प्रकल्पात सर्वांत कच्चा भाग कोणता, हा प्रश्नही हमखास येतो. अहवालात काय धरले नाही ते लिहिलेले असेल, तर त्याचे उत्तर आधीच तयार असते.

नोकरी लांबली तर

हा उद्योग चढ-उतारांचा आहे. २०२० मध्ये जगातली प्रवासी विमान वाहतूक आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशाने घटली आणि त्या काळात पदवी घेतलेल्यांना त्यांच्या गुणवत्तेशी संबंध नसलेली वाट पाहावी लागली. अशा वेळी शेजारच्या उद्योगात जाणे शहाणपणाचे, मात्र आपले कौशल्य तिथेही वापरात राहील असे पाहावे. पवनचक्कीच्या पात्याला एअरफॉइल, संमिश्र पदार्थ आणि फटीग हे तिन्ही विषय लागतात. टर्बोमशिनरी, मोटारींचे एरोडायनॅमिक्स, रेल्वेच्या डब्यांची ताकद, ड्रोन, उपग्रहांची बांधणी, इथेही तीच साधने आणि तेच विचार चालतात. दोन वर्षांनी विमानांकडे परत येताना पवनचक्कीच्या पात्यांवरचा फटीगचा अनुभव रेझ्युमेवर चांगला दिसतो. निव्वळ पगारासाठी पत्करलेले असंबद्ध काम मात्र समजावून सांगावे लागते.

पदव्युत्तर शिक्षण प्रतीक्षालय म्हणून घेऊ नये. एरोइलॅस्टिसिटी (हवेच्या बलांखाली रचनेचे वाकणे आणि कंप पावणे), नियंत्रण-प्रणाली, प्रगत एरोडायनॅमिक्स यांसारख्या विषयांत ते जवळजवळ आवश्यक असते आणि तिथे जायचे असेल तर जरूर घ्यावे. स्ट्रेस, उत्पादन किंवा देखभालीत मात्र त्याच काळातला प्रत्यक्ष अनुभव बहुधा अधिक उपयोगी पडतो.

नोकरी देण्यासाठी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे, मग तो त्याला नोंदणी शुल्क म्हणो, गणवेशाची अनामत म्हणो की हमखास नोकरीचे प्रशिक्षण. नामांकित विमान कंपनीचे नाव सांगून मोफत ई-मेल पत्त्यावरून आलेले नियुक्तिपत्र त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन करून पडताळून पाहिल्याशिवाय कोणतीही कागदपत्रे पाठवू नयेत.

प्रस्ताव हाती आल्यावर

पहिल्या नोकरीत पगाराखालोखाल महत्त्वाचा प्रश्न हा की आपले हिशेब कोण तपासणार. मान्यताप्राप्त डिझाइन संस्थेत प्रत्येक अहवालावर करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशा वेगळ्या सह्या असतात आणि नवख्याचे बरेचसे शिक्षण तपासणाऱ्याने लाल शाईने केलेल्या खुणांतून होते. म्हणून हे सरळ विचारावे: गटात अनुभवी माणसे किती आहेत, पहिल्या सहा महिन्यांत कोणते काम दिले जाईल, तपासणारा त्याच कार्यालयात बसतो की दुसऱ्या खंडात. ‘आमच्याकडे नवे लोक पहिल्या दिवसापासून स्वतंत्रपणे काम करतात’ असे उत्तर अभिमानाने दिले गेले, तर ‘मग त्यांचे काम तपासते कोण’ हे पुन्हा विचारावे. प्रशिक्षणाचा खर्च वसूल करण्याची अट करारात असेल, तर ती रक्कम किती, किती महिन्यांनी ती कमी होत जाते आणि कंपनीनेच काढून टाकले तर ती लागू होते का, या तिन्हींची उत्तरे सही करण्याआधी लेखी घ्यावीत.